थीम बदलली तरी अर्धं मशीन जुन्याच रूपात: लिनक्सवर सिस्टिम आणि युजरच्या सेटिंगचा मेळ कसा घालायचा

कोपरखैरण्यातल्या एखाद्या संगणक वर्गात सगळ्या मशीनवर गडद थीम लावली जाते, आयकॉन बदलले जातात, अक्षरं थोडी मोठी केली जातात. दुसऱ्या दिवशी सकाळची बॅच येते तेव्हा लॉगिनचा पडदा जुनाच असतो, आतला डेस्कटॉप नवा, पासवर्ड विचारून उघडणारी खिडकी पांढरीफटक आणि माउसचा बाण प्रत्येक खिडकीत वेगळ्या आकाराचा. नौपाड्यातल्या डीटीपीच्या दुकानात किंवा वागळे इस्टेटमधल्या अकाउंट्सच्या ऑफिसातही तक्रार याच चालीवर असते. मग कोणीतरी थीम पुन्हा लावतं, काही दिवस बरे जातात, अपडेट येतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दोष थीमचा क्वचितच असतो. लिनक्सवर रूपाची माहिती एका जागी लिहिलेली नसते. तीच सेटिंग चार-पाच ठिकाणी नोंदलेली असते आणि प्रत्येक प्रोग्राम आपल्या सवयीप्रमाणे त्यातलं एक ठिकाण वाचतो. म्हणून उपायाची दिशा एकच ठेवा: प्रत्येक सेटिंगला एक मालक ठरवायचा, मूळ व्हॅल्यू सिस्टिम पातळीवर लिहायची आणि युजरच्या फोल्डरातल्या जुन्या नोंदी पुसायच्या. दोन्हीकडे तेच लिहून मेळ घालायला गेलात, तर पुढच्या बदलाला तो नक्की तुटणार.

खाली कमांड आणि फाइलींचे पत्ते देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते नेहमीच्या रोमन लिपीत टाइप करा. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं स्मॉल.

आधी बिघाड कोणत्या पातळीवर आहे ते पाहा

काहीही बदलण्याआधी एक कोरा युजर तयार करा. (सुडो लावलं की पुढची कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालते.)

सुडो अ‍ॅडयुजर चाचणी

त्या नावाने लॉगिन करा. इथे रूप बरोबर दिसलं आणि जुन्या युजरला चुकीचं दिसत असेल, तर दोष जुन्या युजरच्या होम फोल्डरात आहे. दोघांनाही चुकीचं दिसत असेल तर सिस्टिम पातळीवर. या चाचणीला पाच मिनिटं लागतात आणि निम्मी शोधाशोध वाचते, तरी ती बहुधा सगळ्यात शेवटी केली जाते.

मग ज्या युजरची तक्रार आहे त्याच्याच लॉगिनमधून, सुडो न लावता, हे विचारा:

जीसेटिंग्ज गेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस जीटीके-थीम

डीकॉन्फ रीड -डी /ऑर्ग/ग्नोम/डेस्कटॉप/इंटरफेस/जीटीके-थीम

एन्व्ह | ग्रेप -आय थीम

जीसेटिंग्ज आणि डीकॉन्फ ही ग्नोम डेस्कटॉपच्या सेटिंगची नोंद वाचणारी-लिहिणारी साधनं आहेत; जीटीके म्हणजे खिडक्या आणि बटणं काढणारी लायब्ररी. पहिली कमांड आत्ता लागू असलेलं नाव सांगते. दुसरी युजरची नोंद बाजूला ठेवून सिस्टिम डेटाबेसमध्ये काय आहे ते सांगते. उत्तर रिकामं आलं तर तिथे काहीच लिहिलेलं नाही, किंवा लिहिलेलं वाचलं जात नाही. तिसरीत जीटीके_थीम (सगळी कॅपिटल) हे व्हेरिएबल सापडलं तर गुन्हेगार मिळाला. हे व्हेरिएबल थीम बनवणाऱ्यांना तपासणीसाठी दिलेलं आहे. ते सगळ्यांच्या डोक्यावर बसतं आणि उजेड-अंधाराची अदलाबदलही बंद पाडतं. जुना सल्ला वाचून ते /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट किंवा होममधल्या .प्रोफाइल फाइलीत टाकलेलं असतं. काढून टाका, लॉगआउट करून पुन्हा आत या.

एक सावधगिरी. सिनॅमन आणि माते या दुसऱ्या डेस्कटॉपांचे स्कीमा, म्हणजे सेटिंगच्या नावांच्या याद्या, वेगळ्या आहेत: ऑर्ग.सिनॅमन.डेस्कटॉप.इंटरफेस आणि ऑर्ग.माते.इंटरफेस. मिंट लिनक्सवर ग्नोमच्या नावाने थीम लिहिली की कमांड तक्रार न करता चालते, पण सिनॅमन डेस्कटॉपची थीम जागची हलत नाही. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप तर डीकॉन्फकडे थीमसाठी पाहतच नाही. त्याचं पुढे येतं.

ग्नोमचा क्रम, आणि डीकॉन्फमध्ये नेमकं काय चुकतं

सगळ्यात खाली स्कीमातली मूळ व्हॅल्यू. त्यावर डिस्ट्रोची (उबंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकाराची) ओव्हरराइड फाइल, मग अ‍ॅडमिनचा सिस्टिम डेटाबेस आणि सगळ्यात वर युजरचा स्वतःचा डेटाबेस, म्हणजे ~/.कॉन्फिग/डीकॉन्फ/युजर ही बायनरी फाइल. सोसायटीने इमारतीला कोणताही रंग दिला तरी फ्लॅटच्या आतला रंग मालकच ठरवतो, तसं हे आहे: युजरने एकदा जरी थीम निवडली असेल, तरी सिस्टिम डेटाबेसमधला तुमचा बदल त्याला दिसणार नाही. ही रचना मुद्दाम तशी आहे. ‘सिस्टिमला लिहिलं पण लागत नाही’ या तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

सिस्टिम डेटाबेस उभा करायला तीन गोष्टी लागतात. पहिली, /ईटीसी/डीकॉन्फ/प्रोफाइल/युजर ही फाइल, आणि तिच्यात याच क्रमाने दोन ओळी:

युजर-डीबी:युजर
सिस्टिम-डीबी:लोकल

ही फाइल नसेल तर डीकॉन्फ फक्त युजरचा डेटाबेस वाचतो आणि बाकी मेहनत वाया जाते. फेडोरा आणि रेड हॅटच्या गटात ती तयार मिळते. डेबियन-उबंटूच्या गटात अनेकदा स्वतः करावी लागते.

दुसरी, /ईटीसी/डीकॉन्फ/डीबी/लोकल.डी/ या फोल्डरात ००-थीम नावाची साधी मजकूर फाइल:

[ऑर्ग/ग्नोम/डेस्कटॉप/इंटरफेस]
जीटीके-थीम='थीमचं नाव'
आयकॉन-थीम='आयकॉन थीमचं नाव'
कर्सर-थीम='कर्सर थीमचं नाव'
कर्सर-साइझ=२४
कलर-स्कीम='प्रिफर-डार्क'

तिसरी, कमांड: सुडो डीकॉन्फ अपडेट.

या सहा ओळींत चुका करायला भरपूर जागा आहे. चौकोनी कंसात तिरक्या रेघा हव्यात, टिंब नकोत. टिंबवाली रीत ओव्हरराइड फाइलीची आहे आणि दोन्हींची गल्लत सतत होते. शब्दरूप व्हॅल्यूला अवतरणचिन्ह हवंच, आकड्याला नको. वेबपेजवरून नक्कल केलेलं वाकडं अवतरणचिन्ह चालत नाही, ते कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा. थीमचं नाव म्हणजे फोल्डरचं नाव, कॅपिटल-स्मॉल अक्षरांसकट जसंच्या तसं. आणि अपडेट दिल्यावर /ईटीसी/डीकॉन्फ/डीबी/लोकल या तयार झालेल्या फाइलीची वेळ एलएस -एल ने पाहा. ती आत्ताची नसेल तर लोकल.डी फोल्डरवर टच चालवून अपडेट पुन्हा द्या.

आता जुन्या युजरांच्या नोंदी पुसायच्या. प्रत्येकाच्या लॉगिनमधून, हव्या त्या प्रत्येक कीसाठी (की म्हणजे एकेका सेटिंगचं नाव):

जीसेटिंग्ज रिसेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस जीटीके-थीम

सेट नव्हे, रिसेट. सेट केलंत तर तीच व्हॅल्यू युजरच्या डेटाबेसमध्ये पुन्हा लिहिली जाते आणि पुढच्या वेळी सिस्टिमचा बदल पुन्हा अडतो. ~/.कॉन्फिग/डीकॉन्फ/युजर ही अख्खी फाइल उडवण्याचा सल्लाही दिला जातो. तसं केलं की कीबोर्ड लेआउट, प्रोग्रामांच्या आवडीनिवडी, सगळंच जातं. मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट लावून दिलेल्या मशीनवर तर याने तक्रारी वाढतातच.

वर्गातल्या सामायिक खात्यावर कोणी काही बदलूच नये असं हवं असेल तर /ईटीसी/डीकॉन्फ/डीबी/लोकल.डी/लॉक्स/ या फोल्डरात एक फाइल करून तिच्यात प्रत्येक कीचा पूर्ण पत्ता एकेका ओळीत लिहा, उदाहरणार्थ /ऑर्ग/ग्नोम/डेस्कटॉप/इंटरफेस/जीटीके-थीम, आणि पुन्हा अपडेट द्या. लॉक लागलं की युजरची जुनी नोंद असली तरी ती बघितली जात नाही. जीसेटिंग्ज रायटेबल या कमांडने त्या कीबद्दल विचारलं आणि फॉल्स आलं, म्हणजे लॉक बसलं. आमचं मत असं, की लॉक सामायिक खात्यांपुरतं बरं. ज्या माणसाचं स्वतःचं मशीन आहे, त्याच्या अक्षरांचा आकार आणि उजेड-अंधार लॉक करू नये. डोळे प्रत्येकाचे वेगळे असतात. पण एक लक्षात ठेवा: हे प्रोफाइल मशीनवरच्या सगळ्याच युजरांना लागू होतं. म्हणून सामायिक मशीन आणि वैयक्तिक मशीन यांचे फाइलींचे संच वेगळे ठेवा.

लॉगिन झालेलं असताना नवं प्रोफाइल आधीच चालू असलेल्या प्रोग्रामांना कळत नाही. लॉगआउट करूनच तपासा.

ओव्हरराइडचा दुसरा मार्ग म्हणजे /यूएसआर/शेअर/जीलिब-२.०/स्कीमाज/ मध्ये ९०_आपलं-नाव.जीस्कीमा.ओव्हरराइड अशी फाइल टाकून जीलिब-कम्पाइल-स्कीमाज चालवणं. उबंटूवर यात एक अडचण आहे: तिथल्या फाइलींत कंसातल्या नावापुढे अपूर्णविरामानंतर डेस्कटॉपचं नाव असतं, आणि अशी खास नोंद साध्या नोंदीला मागे टाकते, मग तुमच्या फाइलीचा आकडा कितीही मोठा असो. अ‍ॅडमिनने डीकॉन्फचाच मार्ग धरावा. एकाच कीसाठी दोन्ही वापरणं म्हणजे दोन मालक नेमणं.

सेटिंग्ज.आयएनआय बदलून काहीच का होत नाही

~/.कॉन्फिग/जीटीके-३.०/सेटिंग्ज.आयएनआय ही युजरची फाइल आणि /ईटीसी/जीटीके-३.०/सेटिंग्ज.आयएनआय ही सिस्टिमची. जीटीके ४ साठी तशाच दोन. एक्स११ वर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी व्यवस्था; नवी म्हणजे वेलँड) एखादा सेटिंग डिमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, चालू असेल (ग्नोम, सिनॅमन, माते, एक्सएफसीई सगळ्यांचे आपापले आहेत) तर थीम, आयकॉन, कर्सर, फॉन्ट ही नावं तोच पुरवतो आणि या फाइलींतली नावं मागे पडतात. वेलँडवर जीटीके तीच नावं थेट जीसेटिंग्जमधून घेतं. या फाइली खऱ्या अर्थाने कामाच्या ठरतात त्या ओपनबॉक्स, आय३ अशा साध्या खिडकी-व्यवस्थापकांवर, जिथे डिमन नसतो.

एक ओळ मात्र या नियमातून सुटते: जीटीके-अ‍ॅप्लिकेशन-प्रिफर-डार्क-थीम=१. ग्नोममध्ये ही व्हॅल्यू डिमन पुरवत नाही, म्हणून फाइलीतली लागू होते. उजळ थीम निवडूनही काही खिडक्या काळ्याच राहतात ते हिच्यामुळे. टर्मिनलमधून एखादं नवं ग्नोम अ‍ॅप सुरू केल्यावर, लिबअद्वैतासोबत (नव्या ग्नोम अ‍ॅप्सना रूप देणारी लायब्ररी) हे प्रिफर-डार्क-थीम वापरणं समर्थित नाही अशा आशयाची इशारा-ओळ आली, तर ही ओळ बहुधा युजरच्या किंवा सिस्टिमच्या जीटीके-४.० च्या फाइलीत बसलेली आहे. ती काढा आणि अंधारासाठी फक्त कलर-स्कीम वापरा.

केडीई डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी ही फाइल हाताने बदलण्याच्या फंदात पडू नये. केडीईचं जीटीके मोड्यूल ती स्वतः लिहितं, म्हणून तुमचा बदल पुसला जातो. सिस्टिम सेटिंग्जमध्येच जीटीकेच्या थीमचं पान आहे, तिथून बदला.

पासवर्ड विचारून उघडणाऱ्या खिडक्या

पासवर्ड दिल्यावर उघडणाऱ्या या खिडक्या रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर, म्हणून चालतात. एक्स११ वर रूटचा प्रोग्राम तुमच्याच पडद्याला जोडला जातो, त्यामुळे थीमचं नाव त्याला तुमच्याच डिमनकडून मिळतं. पण त्या नावाचं फोल्डर तो /रूट मध्ये आणि सिस्टिमच्या जागांत शोधतो, तुमच्या ~/.थीम्स मध्ये नाही. नाव मिळालं, फाइली मिळाल्या नाहीत. मग जीटीके मुकाट मूळ अद्वैता थीम दाखवतं. पांढऱ्याफटक खिडकीमागे एवढंच असतं.

उपाय म्हणजे थीम सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवणं:

सुडो सीपी -आर ~/.थीम्स/थीमचं-नाव /यूएसआर/लोकल/शेअर/थीम्स/

सुडो सीएचमॉड -आर ए+आरएक्स /यूएसआर/लोकल/शेअर/थीम्स/थीमचं-नाव

दुसऱ्या कमांडमधला पर्यायाचा आर आणि शेवटचा एक्स कॅपिटल. कॅपिटल एक्समुळे चालवण्याची परवानगी फोल्डरांनाच मिळते, साध्या फाइलींना नाही. आयकॉन तसेच /यूएसआर/लोकल/शेअर/आयकॉन्स/ मध्ये. थीम्स किंवा आयकॉन्स हे फोल्डर तिथे नसेल तर आधी एमकेडीआयआर -पी ने करा. जीटीके २ चे जुने प्रोग्राम अजून वापरात असतील तर लोकल सोडून /यूएसआर/शेअर/थीम्स/ घ्या, कारण ते लोकलमध्ये बघत नाहीत. फेडोरावर एमव्ही ने हलवू नका. होम फोल्डरचं एसईलिनक्स (फेडोराची सुरक्षा-व्यवस्था) लेबल सोबत जातं आणि लॉगिनच्या पडद्याला ती फाइल वाचू दिली जात नाही. हलवून झालंच असेल तर रिस्टोअरकॉन -आर (इथेही आर कॅपिटल) त्या फोल्डरवर चालवा.

नक्कल झाली की होममधली प्रत काढून टाका. ही पायरी गाळली तर सहा महिन्यांनी नवा घोळ होतो: सिस्टिममधली थीम अपडेट होते, पण होममधली त्याच नावाची जुनी प्रत आधी सापडते आणि तीच वापरली जाते. रूटच्या खिडक्या नव्या, युजरच्या जुन्या.

रूटचं ~/.कॉन्फिग/जीटीके-३.० हे फोल्डर युजरच्या फोल्डरला जोडून देण्याची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. ती टाळा. रूटचा प्रोग्राम त्या जोडावरून युजरच्या होममध्ये लिहू लागतो आणि फाइली रूटच्या मालकीच्या होतात. सुडो -ई (ई कॅपिटल) लावून खिडकीवाले प्रोग्राम चालवल्यानेही तेच होतं. मग सेटिंगमध्ये थीम बदलते, पण लॉगआउट केलं की परत जुनी. टर्मिनलमध्ये याची खूण ठरलेली असते: /रन/युजर/१०००/डीकॉन्फ/युजर ही फाइल तयार करता येत नाही, परवानगी नाकारली, डीकॉन्फ नीट चालणार नाही, अशी इंग्रजी ओळ. असं दिसलं तर:

फाइंड ~ -युजर रूट

यात जे सापडेल त्याची मालकी सीएचओन ने युजरला परत द्या, /रन/युजर/१०००/डीकॉन्फ चीही द्या (१००० च्या जागी त्या युजरचा आयडी, आयडी -यू ने कळतो) आणि लॉगआउट करा.

एक्सएफसीई: जुन्या मशीनवरचा नेहमीचा

वर्गांतल्या आणि छोट्या ऑफिसांतल्या जुन्या मशीनवर एक्सएफसीईच जास्त सापडतो. त्याची नोंद एक्सएफकॉन्फमध्ये असते. युजरची फाइल ~/.कॉन्फिग/एक्सएफसीई४/एक्सएफकॉन्फ/एक्सएफसीई-परचॅनल-एक्सएमएल/एक्ससेटिंग्ज.एक्सएमएल; सिस्टिमची फाइल याच नावाने, पण /ईटीसी/एक्सडीजी/एक्सएफसीई४/ पासून पुढे. खिडकीच्या चौकटीची थीम वेगळ्या फाइलीत असते, एक्सएफडब्ल्यूएम४.एक्सएमएल. आतला भाग गडद आणि वरची पट्टी उजळ असं दिसत असेल तर दुसरी फाइल राहून गेली आहे.

सोपी रीत अशी. एका कोऱ्या युजरवर सेटिंगमधून सगळं मनासारखं लावा. लॉगआउट करा. त्याच्या या दोन फाइली सिस्टिमच्या फोल्डरात ठेवा, मालक रूट, परवानगी ६४४. मात्र झुबंटूवर आधी हे पाहा:

एको $एक्सडीजी_कॉन्फिग_डर्स (डॉलरपुढचं सगळं कॅपिटल)

यादीत /ईटीसी/एक्सडीजी/एक्सडीजी-झुबंटू आधी येतं, म्हणून तिथल्या फाइलीच वरचढ ठरतात. तुमच्या फाइलीही तिथेच गेल्या पाहिजेत.

जुन्या युजरची नोंद पुसायला, त्याच्या लॉगिनमधून:

एक्सएफकॉन्फ-क्वेरी -सी एक्ससेटिंग्ज -पी /नेट/थीमनेम -आर

नेटमधला एन, थीममधला टी आणि नेममधला एन कॅपिटल. आयकॉनसाठी /नेट/आयकॉनथीमनेम (इथे आयकॉनचा आयही कॅपिटल), चौकटीसाठी चॅनल एक्सएफडब्ल्यूएम४ आणि प्रॉपर्टी /जनरल/थीम. काय-काय नोंदलेलं आहे ते -एल -व्ही ने दिसतं.

युजर लॉगिन असताना त्याची एक्सएमएल फाइल थेट संपादित करू नका, पुसूही नका. एक्सएफकॉन्फडी हा डिमन सगळ्या व्हॅल्यू मेमरीत धरून बसतो आणि पुढचा बदल लिहिताना तुमची दुरुस्ती पुसून टाकतो. फाइलीवर काम करायचं तर युजर लॉगआउट असताना, दुसऱ्या अ‍ॅडमिन खात्यातून. फाइलीत एखाद्या प्रॉपर्टीपुढे टाइप="एम्प्टी" दिसलं तर घाबरायचं कारण नाही; युजरने तिथे काही निवडलेलं नाही आणि सिस्टिमची व्हॅल्यू चालेल, एवढाच त्याचा अर्थ. हवं तेच आहे.

इथे लॉक लावायला सिस्टिमच्या फाइलीत चॅनलच्या ओळीत लॉक्ड="*" अनलॉक्ड="रूट" एवढं जोडायचं.

लॉगिनचा पडदा

लॉगिनचा पडदा स्वतःच एक वेगळा युजर म्हणून चालतो, तुमच्या सेटिंगशी त्याचा संबंध नाही. लाइटडीएम, जीडीएम, एसडीडीएम हे हा पडदा दाखवणारे प्रोग्राम. लाइटडीएमच्या जीटीके ग्रीटरची फाइल /ईटीसी/लाइटडीएम/लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर.कॉन्फ, तिच्यात [ग्रीटर] खाली थीम-नेम, आयकॉन-थीम-नेम, फॉन्ट-नेम, बॅकग्राउंड. मिंटवर स्लिक-ग्रीटर.कॉन्फ. पार्श्वभूमीचं चित्र होम फोल्डरात ठेवलं तर पडदा काळा दिसतो, कारण लाइटडीएम युजरला तुमचं होम उघडता येत नाही. उबंटूने तर २१.०४ पासून नवी होम फोल्डरं ७५० परवानगीनेच करायला सुरुवात केली. चित्र /यूएसआर/शेअर/बॅकग्राउंड्स/ मध्ये ठेवा. युजरचं नाव निवडताच मागचं चित्र बदलत असेल तर जीटीके ग्रीटरमध्ये युजर-बॅकग्राउंड=फॉल्स, स्लिकमध्ये ड्रॉ-युजर-बॅकग्राउंड्स=फॉल्स.

जीडीएमला स्वतःचं डीकॉन्फ प्रोफाइल आहे: /ईटीसी/डीकॉन्फ/प्रोफाइल/जीडीएम आणि की-फाइली /ईटीसी/डीकॉन्फ/डीबी/जीडीएम.डी/ मध्ये. कर्सर, फॉन्ट, लोगो इथून बदलतात. त्यापुढे जाऊन ग्नोम-शेलची संसाधन-फाइल फोडून रंग बदलणारी स्क्रिप्ट वापरू नका. पुढच्या अपडेटला ती फाइल बदलते आणि वाईट दिवस असेल तर लॉगिनचा पडदाच उभा राहत नाही. एसडीडीएमसाठी केडीईच्या सेटिंगमध्ये प्लाझ्माची सेटिंग लागू करण्याचं बटण आहे, ते पुरतं.

कर्सर

बाण रिकाम्या डेस्कटॉपवर एक आणि खिडकीत दुसरा दिसतो, कारण काही प्रोग्राम डिफॉल्ट नावाची कर्सर थीम मागतात. ती ~/.आयकॉन्स/डिफॉल्ट/इंडेक्स.थीम मध्ये आधी शोधली जाते, मग /यूएसआर/शेअर/आयकॉन्स/डिफॉल्ट/इंडेक्स.थीम मध्ये. होममधली काढा, सिस्टिमच्या फाइलीत [आयकॉन थीम] खाली इनहेरिट्स= पुढे नाव लिहा (आयकॉनचा आय, थीमचा टी आणि इनहेरिट्सचा आय कॅपिटल). डेबियन-उबंटूवर त्याऐवजी सुडो अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग एक्स-कर्सर-थीम वापरा, म्हणजे अपडेटमध्ये टिकतं.

लिबअद्वैता, फ्लॅटपॅक आणि क्यूटी

मार्च २०२२ मध्ये आलेल्या ग्नोम ४२ पासून ग्नोमची अ‍ॅप्स एकामागून एक लिबअद्वैतावर गेली. ती जीटीके-थीम हे नाव मानतच नाहीत, फक्त कलर-स्कीम मानतात. ग्नोम ४७ पासून अ‍ॅक्सेंट-कलरही. थीमच्या इन्स्टॉलरनी यावर शोधलेली पळवाट म्हणजे ~/.कॉन्फिग/जीटीके-४.०/जीटीके.सीएसएस हा थीमच्या फोल्डरकडे जोडलेला दुवा. याला सिस्टिम पातळीवर जोडीदार नाही आणि थीम बदलली तरी तो तिथेच राहतो. निम्मे रंग जुन्या थीमचे, निम्मे नव्याचे दिसतात ते यामुळे. एलएस -एल ~/.कॉन्फिग/जीटीके-४.० करून पाहा. सगळ्या मशीनवर सारखं रूप हवं असेल तर हा दुवा काढा आणि या अ‍ॅप्सना त्यांच्या मूळ रूपात राहू द्या. त्यांच्याशी भांडण्यात वेळ जातो, मिळत काही नाही.

फ्लॅटपॅकच्या, म्हणजे सिस्टिमपासून अलग ठेवून चालवल्या जाणाऱ्या, अ‍ॅपला मशीनवरचं /यूएसआर दिसत नाही. तुमची थीम फ्लॅटपॅकच्या विस्तार-रूपात (ऑर्ग.जीटीके.जीटीके३थीम ने सुरू होणारं नाव, दुसऱ्या जीटीकेचा जी कॅपिटल) मिळत असेल तर तीच बसवा, सुडो लावून सिस्टिम पातळीवर. पूर्वी केलेले ओव्हरराइड फ्लॅटपॅक ओव्हरराइड --शो ने दिसतात, युजरचे --युजर --शो ने; युजरचे --युजर --रिसेट ने पुसा. अंधार-उजेडाची खबर फ्लॅटपॅकला एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल देतं. एक्सएफसीईवर एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल-जीटीके पॅकेज हवं आणि ग्नोमच्या स्कीमातला कलर-स्कीमही लिहिलेला हवा. एक्सएफसीईवर डीकॉन्फची गरज लागते ती इथे.

क्यूटीसाठी (केडीईची अ‍ॅप्स ज्यावर बनतात ती लायब्ररी) क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्मथीम (सगळं कॅपिटल) हे व्हेरिएबल /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट मध्ये एकदाच लिहा. तिथे एक्स्पोर्ट शब्दाची गरज नाही, साधं नाव=व्हॅल्यू. केडीईवर हे व्हेरिएबल लावूच नका; सिस्टिमची मूळ व्हॅल्यू /ईटीसी/एक्सडीजी/केडीईग्लोबल्स मध्ये लिहा आणि लॉक हवं तिथे कीच्या नावापुढे [$आय] जोडा.

देवनागरी अक्षरं

थीम बदलताना फॉन्ट-नेमही बदलतो आणि नव्या लॅटिन फॉन्टमध्ये देवनागरी नसते, तेव्हा मराठी अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमधून येतात. बटणांवर वेलांट्या वरून कापल्या जातात, किंवा ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. कोणता फॉन्ट निवडला जातोय ते असं विचारा:

एफसी-मॅच सॅन्स-सेरिफ:लँग=एमआर

हे युजर म्हणून आणि सुडो लावून, दोन्ही रीतींनी चालवा. उत्तरं वेगळी आली तर ~/.कॉन्फिग/फॉन्टकॉन्फिग/फॉन्ट्स.कॉन्फ मध्ये युजरची खास निवड आहे, किंवा फॉन्ट फक्त त्याच्या ~/.लोकल/शेअर/फॉन्ट्स मध्ये बसवलेला आहे. डीटीपीच्या दुकानात दुसरं कारण जास्त दिसतं. फॉन्ट /यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स/ मध्ये हलवा, निवड /ईटीसी/फॉन्ट्स/लोकल.कॉन्फ मध्ये लिहा, एफसी-कॅश -एफ चालवा.

अनेक मशीनवर नेताना

/ईटीसी/स्केल मध्ये फाइली टाकून सगळ्यांची थीम बदलेल अशी आशा धरू नका. ते फोल्डर नवा युजर तयार होताना एकदाच नकलून घेतलं जातं. शिवाय त्यातून युजर पातळीवर नोंदी तयार होतात, म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच.

फाइली नेताना डीकॉन्फच्या की-फाइली न्या आणि प्रत्येक मशीनवर अपडेट चालवा. शक्य तिथे स्वतःची वेगळी फाइल .डी फोल्डरात ठेवा. पॅकेजची मूळ फाइल बदलली तर अपडेटच्या वेळी ती ठेवायची की नवी घ्यायची असं विचारलं जातं आणि घाईत नवी घेतली जाते. अपडेटनंतर रूप बदललंच तर /ईटीसी मध्ये .डीपीकेजी-डिस्ट, .डीपीकेजी-ओल्ड, .आरपीएमन्यू किंवा .आरपीएमसेव्ह ने संपणाऱ्या फाइली शोधा.

एसएसएच (दुरून लॉगिन) किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) दुसऱ्या युजरसाठी जीसेटिंग्ज चालवलं की कमांड चालल्यासारखी वाटते, पण नोंद होत नाही, कारण तिला त्या युजरचा डीबस, म्हणजे प्रोग्रामांमधली निरोप-व्यवस्था, सापडत नाही. युजर लॉगिन नसेल तर:

सुडो -यू विद्यार्थी डीबस-रन-सेशन जीसेटिंग्ज रिसेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस जीटीके-थीम

इथेही त्या युजरचं होमच वापरलं जावं म्हणून सुडोनंतर -एच (एच कॅपिटल) जोडणं चांगलं. युजर लॉगिन असेल तर डीबस-रन-सेशन नको; त्याऐवजी डीबस_सेशन_बस_अ‍ॅड्रेस (कॅपिटल) ला युनिक्स:पाथ=/रन/युजर/१०००/बस ही व्हॅल्यू देऊन तीच कमांड चालवा, १००० च्या जागी त्याचा आयडी.